सुवार्ताचं कल्याण

माझी आणि देवदानची ओळख एका बकरीने करून दिली. हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते, पण खरं ते खरं.

अठ्ठ्याऐंशी सालचा नोव्हेंबर. सावळीच्या आमच्या मेथडिस्ट मंडळीत हंगामाच्या सणाची भक्ती, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. सावळी म्हणजे तलमडुगूपासून चार मैलांवरचं, सीमेलगतचं गाव, अर्धं मराठी, अर्धं तेलुगू. आमचं चर्चही तसंच. उजवीकडे बाया, डावीकडे पुरुष, आणि गीत एकाच चालीवर, पण दोन्ही भाषांत एकदमच! बाहेरचा माणूस पहिल्यांदा ऐकून गांगरतो. आम्हाला मात्र एका भाषेत गायलं तर आळणी लागतं.

उपदेश संपला की मंडळीच्या बातम्या. त्या वाचायचं काम माझं. कोण आजारी, कुणाकडे बाळ झालं, महिला समितीची प्रार्थना या बुधवारी कुणाच्या घरी... लोक चिठ्ठ्या लिहून दारातल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे आणि मी त्या एका कागदावर उतरवून वाचायची. नाव सुवार्ता, काम बातम्या सांगण्याचं! यावरून मला चिडवून चिडवून म्हातारी माणसंसुद्धा थकली होती. मी एकोणीस वर्षांची होते, आणि आपला आवाज गोड आहे हे मला जरा जास्तच ठाऊक होतं.

सणाला जो तो शेतातलं, घरातलं काही ना काही आणतो. ज्वारीची कणसं, कापसाची बोंडं, भोपळे, कोंबड्या. पांडुरंगकाकांनी त्या वर्षी बकरी आणली होती. नाव पांडुरंगराव आणि वीस वर्षं मंडळीचे सेक्रेटरी! आमच्याकडे बाप्तिस्मा झाला म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव कुणी टाकून देत नाही. तर ती बकरी व्हरांड्यातल्या खांबाला बांधलेली, आणि मी तिच्या शेजारी उभी राहून पदराची पिन नीट करत होते. बातम्यांचा कागद काखेत. एकदम काहीतरी ओढल्यासारखं झालं...

"अवो बाई, ओढू नका! फाटन!"

कुणीतरी धावत आलं. उंच, सावळा, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. त्याने बकरीच्या जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घातला, तिने मुकाट तोंड उघडलं, आणि माझा कागद बाहेर आला. म्हणजे, अर्धा.

"अर्धा गियला हिनं," तो म्हणाला.

"मंग आता?"

"मंग काय... रवंथ करन तवा येईन परत. थांबता का तवर?"

चेहरा अगदी गंभीर. फक्त डोळे तेवढे हसत होते. मला असा राग आला!

"तुमी कोन हो?"

"देवदान. बाजारहत्नूरचा. तलमडुगूच्या जनावराच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हून आलो या महिन्यात."

"मंग जनावराकडंच ध्यान द्या."

"देऊनच राह्यलो न, बाई," तो म्हणाला, आणि बकरीच्या कपाळावर थोपटत माझ्याकडे पाहत राहिला.

आत घंटा झाली. अर्ध्या कागदावर प्रत्येक बातमीची नुसती सुरुवात होती, शेवट बकरीच्या पोटात. उपदेश झाल्यावर मी उभी राहिले, आवाज लावला आणि आठवेल तसं ठोकून दिलं. सखूमावशींची सून दोन दिवसांपासून चारा खात नाही, तिच्यासाठी प्रार्थना करावी. पांडुरंगरावांच्या म्हशीला मुलगी झाली असून तिचं नाव एस्तेर ठेवण्यात येत आहे.

बाया तोंडाला पदर लावून लोळायच्या बाकी राहिल्या. पुरुषांच्या बाजूने एकच हसू सर्वांत शेवटपर्यंत ऐकू येत होतं. ते कुणाचं, हे मला मान वर न करताही कळलं.

भक्ती सुटल्यावर तो दारात उभाच होता. "त्या म्हशीले पाहून येऊ का, बाई? बायंतीन हाय म्हन्तात..."

*

त्यानंतर डब्यात दर रविवारी एक चिठ्ठी जास्तीची यायला लागली. "दवाखान्याच्या कुंपणावर पारिजातक लावला आहे, पाणी रोज घालतो." "गेल्या सणाच्या बकरीची तब्येत उत्तम, वाचनाची आवड कायम." ती बकरी सणानंतरच्या लिलावातून आमच्याच घरी आली होती, त्यामुळे ही बातमी मला माहीत नसायचं काही कारणच नव्हतं. तरी मी वाचायची. मंडळीसमोर, गोड आवाजात, आणि कान तापलेले.

चिठ्ठीवर नाव नसायचं, पण अक्षर ओळखू यायचं. सगळी चिठ्ठी मराठीत, आणि अक्षरं मात्र तेलुगू! त्यात नवल काही नाही. आमच्या भागात शाळा तेलुगूच. मराठी घरात बोलायची आणि भक्तीत गायची. मला बाबांनी, म्हणजे दौलतराव मास्तरांनी, मराठी पवित्र शास्त्रावर बोट ठेवून अक्षरं शिकवली. ज्यांच्या घरी शिकवणारं कुणी नव्हतं ते मराठी बोलणं तेलुगू अक्षरांत लिहीत. मला दोन्ही वाचता येत होतं, म्हणून आजवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

नाताळानंतरच्या रविवारी मी त्याला पकडलं. तो मराठी गीतपुस्तक दोन्ही हातांत धरून अगदी भक्तिभावाने गात होता. एक शब्द चुकत नव्हता, आणि पुस्तक उलटं!

"गीत झ्याक गायलं तुमी," बाहेर आल्यावर मी म्हटलं. "पुस्तक उलटं धरून वाचाले कधी शिकले?"

तो लाजला. एवढा मोठा माणूस, बैलाला एकटा आडवा पाडणारा... कानापर्यंत लाजला. "मायनं पाठ करून घेतले होते सारे गीत. मराठी अक्षर येत नाई मले. पन बाकीचे पुस्तक धरते न... रिकामं उभं राहाले कसंतरी वाटते."

माझी थट्टा तोंडातच राहिली. "शिकवू का?" मी म्हटलं.

"शिकवान?"

"एका रविवारी एक अक्षर. भक्ती झाल्यावर, इथंच पायरीवर. आज कोनतं शिकवू?"

त्याने विचार केल्यासारखं केलं. "सु."

"सु काऊन? सारे अ पासून शिकतात."

"सुरुवातीचा सु," तो म्हणाला. "दुसरा कोनता सु असन?"

खडूने पायरीवर 'सु' काढला. उकार लांबच लांब झाला.

जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पायरीवर आम्ही दोघं, आणि चार हातांवर सखूमावशी. महिला समितीच्या त्या प्रमुख, त्यांना पायरी झाडायची नेमकी तेव्हाच आठवण यायची. मार्चात मोहाची फुलं पडायला लागली, सगळ्या आवारात तो गोड, जड वास. देवदानची अक्षरं तेलुगूसारखी गोल यायची, आणि वरची रेघ तो हमखास विसरायचा.

"रेघ द्या," मी म्हणायची. "मराठी अक्षर रेघेले लटकून राह्यते. रेघ नाई त पडन खाली."

"मले लटकून राहाची सवय झाली आता," तो हळूच म्हणाला.

मी खडू त्याच्या हातातून ओढून घेतला. बोटाला बोट लागलं... सखूमावशींचा झाडू थांबला.

*

एप्रिलमध्ये दोन गोष्टी झाल्या. वार्षिक परिषदेत आमच्या पाळकांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, बदली झाली आणि नवे पाळक आले. गोदावरीच्या पलीकडचे, प्रेमळ, गोलमटोल, जाड चष्म्याचे. सगळे त्यांना तेलुगू रिवाजाप्रमाणे अय्यगारू म्हणत. मराठीचं त्यांना एक अक्षर येत नव्हतं, पण उत्साह दांडगा. डबा पाहून ते म्हणाले, मराठी अक्षरांतल्या चिठ्ठ्या तू वाच, तेलुगू अक्षरांतल्या मी वाचतो. किती सोपं! मीही मान डोलावली. तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही...

दुसरी गोष्ट म्हणजे मला पत्र आलं. हैदराबादच्याही पलीकडे मिशनचा एक मोठा दवाखाना होता, तिथल्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी माझी निवड झाली होती.

हे मला किती हवं होतं ते सांगते. मी दहा वर्षांची असताना माय तापाने फणफणली. सावळीत सुई टोचणारं माणूस नाही. बैलगाडी मिळवून तिला तलमडुगूला नेईपर्यंत अर्धा दिवस गेला. माय वाचली, पण डाव्या कानाने तिला ऐकू येईना ते कायमचं. त्या गाडीत तिच्या कपाळावर ओलं फडकं ठेवताना मी ठरवलं होतं, आपण नर्स व्हायचं आणि सावळीतच परत यायचं.

पत्रात एक अट होती. मुलगी अविवाहित आहे आणि तीन वर्षांचं शिक्षण पुरं होईपर्यंत तिचं लग्न होणार नाही, असा पाळकांच्या सहीचा दाखला महिन्याच्या आत पाठवावा. लग्नाचं तर कुठे नावच नव्हतं. त्यामुळे दाखल्याची चिंता मी केलीच नाही.

पायरीवर देवदानला सांगितलं. खडू त्याच्या हातात तसाच राहिला.

"तीन वर्सं?"

"तीन वर्सं."

"जा," खडू पायरीवर ठेवत तो म्हणाला. "जायलाच पाह्यजे. तुमी नाई त कोन जाईन?" आणि त्या दिवशीचं अक्षर न शिकताच तो सायकलवर बसून निघून गेला. मी पायरीवर बसून राहिले. एवढ्या आनंदाच्या बातमीत छातीत दुखतंय कुठे, ते मला कळेना.

पुढचा रविवार. उपदेश झाला. मी माझ्या वाटच्या बातम्या वाचल्या, मग अय्यगारूंनी त्यांच्या वाटच्या चिठ्ठ्या घेतल्या. शेवटची चिठ्ठी त्यांनी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. आणि एकदम त्यांचा चेहरा फुलला.

"सुवार्त... कल्याणम्... देवदान!" ते मोठ्याने म्हणाले. "स्तोत्रम्! सुवार्त कल्याणम् कोसम् प्रार्थन चेद्दाम्!" म्हणजे, सुवार्ताच्या कल्याणम्‌साठी प्रार्थना करू या!

आता हे समजून घ्यायला दोन्ही भाषा हव्यात. मराठीत कल्याण म्हणजे भलं. तेलुगूत कल्याणम् म्हणजे लग्न! चिठ्ठीत होतं, "सुवार्ताचं कल्याण होवो," आणि खाली, पहिल्यांदाच, नाव: "देवदान." बिचाऱ्या अय्यगारूंना अक्षरं आपली दिसली, म्हणून त्यांनी भाषाही आपलीच धरली. वर मुलीचं नाव, मध्ये कल्याण, खाली मुलाचं नाव. लग्नपत्रिका दुसरी कशी असते?

तेलुगू लोकांनी टाळ्या वाजवल्या. सखूमावशींनी माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली. "सांगतलं नाई न पोट्टी तुनं! म्या म्हन्लं, अक्षरं कायले एवढी लागून राह्यली!" मराठी घरांतही तेलुगू सगळ्यांना कळतंच. एक माझी माय सोडून. तिला एका कानाने ऐकू येतं आणि तेलुगू तर त्याही कानाने येत नाही. तिला त्या गलबल्यात एवढंच ऐकू आलं, सुवार्ता आणि कल्याण. तिने हात जोडले, डोळे मिटले आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आमेन! माह्या लेकीचं कल्याण व्हाव!"

झालं. मुलीच्या आईने मंडळीसमोर होकार दिला. पुन्हा टाळ्या.

मी देवदानकडे पाहिलं. तो सतरंजीचे पट्टे मोजत होता. उभा राहील, बोलेल, म्हणून मी वाट पाहिली... तो बोललाच नाही.

*

संध्याकाळी बाबा दाखल्याचा कागद घेऊन अय्यगारूंकडे गेले आणि तसाच कोरा घेऊन परत आले. अय्यगारूंचं म्हणणं चूक नव्हतं. सकाळी देवासमोर या मुलीच्या लग्नाची प्रार्थना केली, संध्याकाळी तिचं लग्न होणार नाही असं कोणत्या हाताने लिहू? चूक झाली असेल तर मुलाने येऊन मंडळीसमोर सांगावं, मग मी आनंदाने सही करतो.

"आता त्या पोराले इचार," बाबा मला म्हणाले. आणि कोरा कागद माझ्यापुढे ठेवून, "आन् सोताले बी इचार."

मंगळवारी देवदान आमच्या गावात जनावरांना लस टोचायला येणार होता. मी बकरीच्या गळ्यात दोरी बांधली आणि तिला ओढत चावडीसमोर नेलं. गायी, बैल, म्हशी, आणि सगळं गाव. रविवारची बातमी सगळ्यांना लागलेली, त्यामुळे आमच्यासाठी रांगेत आपोआप जागा झाली.

"काय झालं हिले?" त्याने विचारलं. माझ्याकडे न पाहता.

"हिले काई नाई झालं. मले झालं." मी दात आवळून हळू बोलत होते. "काय लिवलं होतं तुमी त्या चिठ्ठीवर?"

"सुवार्ताचं कल्याण होवो. खाली माह्यं नाव."

"कल्याण म्हंजे?"

"म्हंजे... भलं. नर्सिंगले चालल्या न तुमी. म्हून."

"मंग उभं राहून सांगतलं काऊन नाई?"

तो पिचकारीत औषध भरत होता. "दचकलो. तोंडच उघडलं नाई. आन्..."

"आन् काय?"

"आन् वाटलं, एक मिनिट राहू द्याव तसंच. लय बरं वाटून राह्यलं होतं."

मला रागवायचं होतं. चार मोठे शब्द मी घरून पाठ करून आणले होते. त्यातला एकही आठवेना.

"अय्यगारू सही करून नाई राह्यले," मी कशीबशी म्हणाले. "या रविवारी मंडळीसमोर सांगा. दोनी भाषेत. नाई त माह्यी जागा जाईन."

आता त्याने वर पाहिलं. खरोखर घाबरला होता. "जागा जाईन? मले नव्हतं मालूम, सुवार्ता! सांगतो. पयल्यांदा तेच सांगतो." आणि मग खालच्या आवाजात, "फक्त... खोटं बोलल्यासारखं होईन."

"खोटं कायचं? मराठीतलंच कल्याण लिवलं न तुमी?"

"लिवलं मराठीतलंच," तो म्हणाला. बकरीच्या मानेवरचे केस त्याने बोटांनी बाजूला केले. "मनात तेलुगूतलं होतं."

सुई टोचली. बकरी ओरडली. मला वाटलं, मीच ओरडले.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं... काय उत्तर देणार होते, कोण जाणे! तेवढ्यात बकरीने मान फिरवून त्याच्या लसीच्या वहीचं पान धरलं, तो वहीमागे धावला, मागचे लोक हसायला लागले, आणि मी दोरी धरून घरी पळाले. उत्तर तसंच राहिलं.

*

रविवारी देवदान उभा राहिला. आधी तेलुगूत बोलला, मग मराठीत. हात मागे बांधलेले, आवाज स्थिर.

"म्या चिठ्ठीवर लिवलं त्याचा मतलब लग्न नाई, भलं असा हाय. मराठी बोलनं तेलुगू अक्षरात लिवलं, चूक माह्यी हाय, अय्यगारूंची नाई. सुवार्ताबाईले शिकाले जाऊ द्या. आपल्या गावाले नर्स पाह्यजे."

अय्यगारूंनी ते ऐकलं, कपाळावर हात मारला आणि पोट धरून हसले. मग तिथेच टेबलावर दाखल्यावर सही केली, शिक्का उमटवला आणि कागद माझ्या हातात दिला. हवं ते हातात आलं. आणि मला रडू आलं! सखूमावशी म्हणाल्या, आनंदाचं आहे, रडू द्या. मी तसंच समजू दिलं.

घरी आल्यावर मात्र माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. त्याने फक्त चिठ्ठीवर लिहिलेलं सांगितलं होतं. मनातल्याबद्दल एक शब्द नाही. खोटं बोलायचं नव्हतं त्याला, आणि बोललाही नव्हता.

पण त्यानंतर तो पायरीवर यायचा बंद झाला. भक्ती सुटली की सायकलवर टांग, आणि धूळ. डब्यात पारिजातक नाही, बकरी नाही. त्याला वाटलं असणार, मी उत्तर दिलं नाही हेच उत्तर. मी तरी काय करणार? बाईमाणसाने सायकलच्या मागे धावायचं का? मे गेला. माझी पेटी भरत आली. बाबा शाळेला सुट्टी असूनही रोज संध्याकाळी पट्टी आणि पाटी घेऊन कुठे कुठे जायचे. विचारलं तर म्हणायचे, "एक कच्चा पोरगा हाय, त्याची तयारी करून घेऊन राह्यलो." माझं लक्षच नव्हतं. मी जाणार, तीन वर्षं लागणार, आणि तो माणूस असाच समजून राहणार, हे मला खात होतं.

जूनमधला दुसरा रविवार, माझा शेवटचा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी निघणार होते. बाहेर आभाळ भरलेलं, कौलांवर थेंब टपटपत होते. मी बातम्या वाचायला डबा उघडला. रेणुकाबाई दौलतराव यांच्या, म्हणजे आमच्याच, घरी बुधवारी महिला समितीची प्रार्थना. पांडुरंगरावांची म्हैस पुन्हा व्याली, या वेळी खरंच. आणि खाली, घडी घातलेली एक चिठ्ठी.

मराठी अक्षरं! गोल गोल, तेलुगूच्या वळणाची, चुका भरपूर. पण सगळ्यांच्या डोक्यावर एक लांबच लांब रेघ, पट्टी धरून मारलेली. ती पट्टीची रेघ मी ओळखली. मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे पाहत होते, तिथे काही नसताना. म्हणजे कच्चा पोरगा हा होता तर!

चिठ्ठी मराठी अक्षरांत, म्हणजे आता ती मीच वाचायची. अय्यगारूंचाच नियम. मी आवाज लावला. तो गोड आवाज नेमका त्याच वेळी फुटला.

"सुवार्ताचं कल्याण होवो," मी वाचलं. "देवदान."

थेंबांचा आवाज तेवढा.

खाली अजून दोन शब्द होते, बारीक अक्षरात. "दोनी भाशेत."

ते मी वाचले नाहीत. पण थांबले, ते सगळ्यांना दिसलं. पुरुषांच्या बाजूला देवदान उभा होता. या वेळी तो सतरंजीकडे पाहत नव्हता. सरळ माझ्याकडे पाहत होता, आणि त्याचं हसू कुठे तरी गेलं होतं.

अय्यगारूंनी चष्मा नाकावर खाली घेतला. एवढ्या दिवसांत त्यांना मराठी फारशी आली नव्हती, पण या एका शब्दापुरते ते पंडित झाले होते.

"मरि... तेलुगुलो?" त्यांनी विचारलं. मग तेलुगूत?

माय माझ्या शेजारीच होती. तिने चांगला कान माझ्याकडे केला. सखूमावशी सतरंजीवरच पुढे सरकल्या. मी चिठ्ठीची घडी घातली, डब्यात न टाकता मुठीत ठेवली, आणि सगळ्या मंडळीला ऐकू जाईल असं म्हणाले,

"तेलुगूत... तीन वर्षांनी, अय्यगारू."

पुढे काय गलका झाला तो मला नीट आठवत नाही. माय मोठ्याने "आमेन" म्हणाली एवढं आठवतं, आणि या वेळी ती समजून म्हणाली. मग पांडुरंगकाकांनी शेवटचं गीत सुरू केलं, दोन्ही भाषा नेहमीसारख्या एकमेकींत मिसळल्या. मी हळूच डावीकडे पाहिलं. देवदान मोठ्याने गात होता, डोळ्यांतलं पाणी पुसायचंही भान नव्हतं, आणि आता अक्षरं येत असूनही त्याने पुस्तक पुन्हा उलटंच धरलं होतं.

ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.